दोन स्पीकरांच्या मधली जागा

स्पीकर घ्यायचे ठरले ते बाबांच्या डोळ्यांमुळे.

उभी हयात बाबांनी बस चालवली. स्वभावाने इतके बोलके की डेपोत त्यांना सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. घाट असो की बाजार, हात स्टिअरिंगवर आणि तोंड कंडक्टरशी चालू. निवृत्तीनंतर त्यांची नजर उतरत गेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं, आणि मग नुसता करडा उजेड उरला. त्या उजेडाबरोबर त्यांचं बोलणंही आटलं. दिवस दिवस ते खुर्चीत बसून राहायचे. ‘हो’, ‘नको’, ‘ठेव तिथे’, बस.

त्यांची मुलगी हाडांच्या दवाखान्यात काम करायची. मोडलेल्या, शिवलेल्या पायांच्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायची. वय चाळिशीपुढे गेलं, तरी बाबांसाठी ती चिमीच. घरात दोघंच. बापाचं गप्प बसणं तिला त्याच्या आंधळेपणापेक्षा जास्त खायचं. एकदा रस्त्यातल्या कुठल्याशा दुकानातून गाणं ऐकू आलं आणि बाबा चालता चालता थांबले, मान कलती करून उभे राहिले. तेव्हाच तिने ठरवलं.

रविवारी सकाळी ती त्यांना घेऊन स्पीकरच्या दुकानात गेली. दुकानदार नाकावर चष्मा ओघळलेला, मऊ बोलणारा माणूस होता. त्याने आधी स्पीकर दाखवलेच नाहीत.

“खोली केवढी आहे ते सांगा आधी,” तो म्हणाला. “लोक कपाटाएवढे स्पीकर उचलून नेतात आणि मग घरात नुसती धडधड होते. तुम्हाला झेपतील असे दोन जोड आहेत. काका, तुम्हीच ऐका.”

पहिल्या जोडावर एक गाणं लागलं. बाबांनी नाक मुरडलं. “ओरडतोय नुसता.” दुसरा जोड कमरेएवढ्या उंचीचा, साध्या काळ्या खोक्यांचा, दिसायला अगदीच गरीब. त्यावर तेच गाणं लागलं, आणि बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर हळूच ताल धरू लागला. चिमीने पुढे काही विचारलंच नाही.

“भिंतीला चिकटवू नका,” खोकी बांधता बांधता दुकानदार म्हणाला. “भिंतीपासून पुढे ओढा. बसणाऱ्यापासून दोन्ही सारख्या अंतरावर ठेवा, तोंडं थोडी त्याच्याकडे वळवा. मग थोडं पुढे-मागे करत राहा. जमलं की तुम्हाला आपोआप कळेल.”

“काय कळेल?”

“आवाज स्पीकरमधून येणं बंद होईल.” तो हसला. “मध्ये काहीच नसतं, मोकळी जागा. पण गाणारी बाई तिथेच उभी आहे असं वाटतं. शास्त्र आहे हो त्यामागे, घाबरू नका.”

दुपारी जेवणं उरकून चिमी कामाला लागली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. खिडकीचा पडदा हलत होता आणि नव्या खोक्यांना पुठ्ठ्याचा, सरसाचा वास येत होता. तिने वायरी जोडल्या, ॲम्प्लिफायर लावला. दुकानदाराने दिलेली एक सीडी होती, कोण्या मोठ्या सभागृहात ध्वनिमुद्रित केलेली. एक बाई गात होती, साथीला नुसतं एक व्हायोलिन. चिमी स्पीकर सरकवू लागली आणि खुर्चीतून बाबा सांगू लागले.

“डावा पुढे घे. अजून. येऊ दे... येऊ दे...”

चिमीला एकदम हसू फुटलं. बस मागे घेताना कंडक्टर खाली उतरून असाच ओरडायचा. लहानपणी डेपोत जाऊन ती तेच बघत बसायची.

“येऊ दे... येऊ दे... बस्स!”

आणि खरंच, स्पीकर गप्प झाले. गाणं चालूच होतं, पण ते आता खोक्यांमधून येत नव्हतं. दोन्हींच्या मधोमध, भिंतीच्या जरा अलीकडे, माणसाच्या उंचीवरून ते येत होतं. ओठ विलग होताना होणारा आवाजही ऐकू येत होता. चिमी गुडघ्यांवर बसली होती, तशीच राहिली. तिथे कुणी नव्हतं. समोर रिकामी भिंत होती. तरी त्या जागेतून हात फिरवायची तिची हिंमत झाली नाही.

बाबा पुढे वाकले होते. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उघडल्यासारखा झाला होता.

“चिमे,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “हिच्या मागे केवढी जागा आहे गं!”

“सभागृह आहे ते, बाबा. तिथे गायल्या ना त्या.”

“सभागृह नाही. सभागृहाला मागची भिंत असते. आवाज जातो, आपटतो, परत येतो.” ते थांबले. “हिचा आवाज जातोच आहे...”

तिने कान दिला. गाणाऱ्या बाईच्या मागे खरोखरच काहीतरी पसरलेलं होतं. गार, खोल, शांत. एकेक सूर सुटायचा आणि दूर, आणखी दूर जात राहायचा. तिच्या अंगावर काटा आला, पण भीतीपेक्षा त्यात दुसरंच काही होतं. पहिल्यांदा समुद्र पाहताना छाती दडपते ना, तसं. ती उठली. तिला वाटलं, आपल्या स्वयंपाकघरात जावं, भांड्यांचा ओळखीचा खणखणाट ऐकावा. “चहा टाकते,” म्हणून ती आत गेली.

चहा घेऊन आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

बाहेरच्या दाराला आतून कडी होती. झोपायच्या खोलीत ते नव्हते, मोरीत नव्हते. त्यांची काठी खुर्चीलाच टेकलेली होती. गाणं चालू होतं आणि खोलीत गारवा आला होता. दगडाचा, वर्षानुवर्षं बंद असलेल्या जागेचा वास येत होता. “बाबा?” तिने हाक मारली. मग तिला गाण्यात ते ऐकू आलं.

बाईच्या आवाजाच्या मागे कुणीतरी चालत होतं.

एक पाऊल पूर्ण पडायचं, दुसरं जरासं घासत यायचं. उजवा गुडघा नीट वाकत नाही, म्हणून टाच उशिरा टेकते. दिवसभर लोकांची चाल बघणं हाच तिचा धंदा होता. जगात कुठेही तिने ही चाल ओळखली असती. बाबा चालत होते. सावकाश, न चाचपडता, मोकळ्या जागेत चालल्यासारखे. आणि लांब जात होते.

तिच्या हातातला कप खाली पडला. पहिला विचार आला तो ॲम्प्लिफायर बंद करायचा. हात बटणापर्यंत गेलासुद्धा... आणि तिथेच थिजला. बंद केलं, तर ते कुठे राहतील?

“बाबा!” ती स्पीकरजवळ तोंड नेऊन ओरडली. पावलं थांबली नाहीत. ती दुसऱ्या स्पीकरकडे धावली, पुन्हा ओरडली. काही नाही. गाणं शेवटच्या ओळीवर आलं होतं. मग तिच्या डोक्यात लख्खकन काहीतरी आलं. ती मागे धावली, बाबांच्या खुर्चीत बसली, नेमकी मधोमध, आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून तिने अगदी साध्या आवाजात हाक मारली.

“बाबा...”

पावलं थांबली.

“बाबा, इकडे. माझ्या आवाजाकडे या.”

बराच वेळ काहीच हललं नाही. मग टाच वळल्याचा आवाज आला. एक पाऊल. एक घासत आलेलं पाऊल.

“येऊ द्या,” ती म्हणाली. तिने आवाज हलू दिला नाही. “येऊ द्या... थोडं डावीकडे... येऊ द्या...”

गाणं संपायला हवं होतं. शब्द संपले, व्हायोलिन थांबलं, पण बाईंनी शेवटचा सूर सोडला नाही. त्यांनी तो धरून ठेवला. कुणाच्याही श्वासात मावणार नाही इतका वेळ तो सूर तिथे उभा होता, न थरथरता. कुणीतरी जड दार हाताने उघडं धरून ठेवावं, तसा. चिमीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपण कशाच्या समोर बसलो आहोत, हे तिला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की आपल्यासाठी कुणीतरी थांबलं आहे. बाबांची पावलं त्या सुराच्या खालून जवळ, आणखी जवळ येत होती.

“येऊ द्या... येऊ द्या... बस्स!”

एक थंडगार हात तिच्या खांद्यावर पडला. बाबा तिच्या समोर उभे होते. सूर सुटला आणि खोलीत नुसती दुपार उरली.

तिने त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांचे तळवे चोळले. ते लहान मुलासारखे हसत होते.

“कुठे गेला होतात?”

“माहीत नाही गं... पण केवढं मोठं होतं! छत कुठे संपतं ते कळेना.” त्यांनी श्वास घेतला. “आणि कुठेच कशाला धडकलो नाही, चिमे. काठीसुद्धा लागली नाही.”

तेव्हाच तिच्या लक्षात आलं. बाबा बोलत होते ते या छोट्याशा खोलीत. पण त्यांचा आवाज खोलीतल्यासारखा येत नव्हता. प्रत्येक शब्द सुटायचा, लांब जायचा, आणि उशिराने, वरून, परत यायचा.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानदाराला बोलावून घेतलं. स्पीकर परत न्या, एवढंच फोनवर सांगितलं. तो आला, वायरी सोडवू लागला. बाबा पलीकडून म्हणाले, “या, बसा ना.” दुकानदाराने हातातलं काम टाकलं आणि मान वर केली. तो छताकडे बघत राहिला. देवळात शिरलेला माणूस घुमट बघतो, तसा. मग त्याने खोकी उचलली आणि चहाला न थांबता तो निघून गेला.

स्पीकर गेले, पण बाबांचा आवाज तसाच राहिला. अंगणात, रस्त्यावर, डॉक्टरच्या चिंचोळ्या खोलीत, सगळीकडे तो घुमतच येतो. आणि बाबा आता दिवसभर बोलतात. जुने रस्ते, जुने प्रवासी, कुठल्या वळणावर काय झालं, सगळं. ‘रेडिओ’ पुन्हा सुरू झाला. चिमी सुरुवातीला दचकायची. मग तिला सवय झाली. मग एकेकदा ती काम बाजूला ठेवून नुसती ऐकत बसू लागली. एवढ्याशा घरात एवढी मोठी जागा... तिला ते आवडू लागलं होतं.

परवा ती दवाखान्यात जायला निघाली. ऊन वर आलं होतं, रस्त्यावर वर्दळ होती. तिने चपला घातल्या. खुर्चीतून बाबा म्हणाले,

“दार लावून घे, चिमे.”

ती उंबऱ्यावर थांबली, त्यांचे शब्द परत येण्याची वाट बघत. आता तिला ती सवयच लागली होती. ते आले, नेहमीसारखे उशिराने, वरून, बाबांच्याच आवाजात.

“दार लावून घेऊ नकोस, चिमे...”

तिने वळून पाहिलं. बाबा स्वस्थ बसले होते, ओठ मिटून. चेहरा तिच्याकडे, उत्तराची वाट पाहणारा.

“लावलंस का गं?” त्यांनी विचारलं.

तिचा हात कडीवरच राहिला.