फळीवरचं पॅडल

मी गॅरेजवाला माणूस. लोखंड, रबर आणि ग्रीस यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी चहा पाजून वाटेला लावायचो.

पण हे माझ्याच हातून घडलंय. यातलं एकही वाक्य रचलेलं नाही.

सुरुवात झाली दोन वर्षांपूर्वीच्या मार्चात. जळगावला. भर दुपारी तीन वाजता.

माझे मेहुणे रोहिदासभाऊ ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. शिकवायच्या गाडीत डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. तिकडून ब्रेक दाबला की चालवणाऱ्याच्या बाजूचं पॅडलही सोबत खाली जातं.

भाऊंच्या उजव्या पायाचा अंगठा शुगरमुळे काढलेला. म्हणून ते पाय तिरपा ठेवून ब्रेक दाबायचे. त्यांच्या ब्रेकच्या पॅडलवरचं रबर नेहमी उजव्या कोपऱ्यातच झिजायचं. दर सहा महिन्यांनी मीच बदलून द्यायचो.

त्या दुपारी ते त्यांच्या मुलीला, सोनलला, शिकवत होते. नेहमीसारखं म्हणत होते, "घाबरू नको बेटा. ब्रेकवर मना पाय शे." म्हणजे, ब्रेकवर माझा पाय आहे.

गाडी हळूच थांबली. सोनलला वाटलं, आता पप्पा रागावणार.

पप्पा काहीच बोलले नाहीत.

हार्ट अटॅक होता. पण माणूस गाडी थांबवून गेला. त्यांचा पाय ब्रेकवरून काढायला दोघं जण लागले.

तेराव्यानंतर गाडी माझ्याकडे आली. सोनलला नशिराबादच्या एका बँकेत नोकरी लागली होती. रोज याच गाडीने हायवेवरून जायचं, म्हणून मी सगळी पॅडलं तपासली. भाऊंच्या ब्रेकचं रबर फाटून आतलं लोखंड दिसत होतं. तिकडे आता कोण बसणार? तरी बदललं. साबणाचं पाणी लावून नव्या रबराच्या कडा बसवल्या आणि खरं सांगतो, ढसाढसा रडलो.

महिन्याने गाडी ऑइल बदलायला आली. मी सहज डावीकडे वाकून पाहिलं...

रबर झिजलं होतं.

उजव्या कोपऱ्यात.

माल नकली असेल, अशी स्वतःची समजूत घातली. दुसरं चढवलं. तीन आठवड्यांत... पुन्हा तोच कोपरा. आतलं लोखंड चकाकत होतं.

"सोनल, तुझ्या शेजारी कोण बसतं गं?"

"कुणीच नाही मामा. डबा ठेवते तिथे."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडी घेऊन निघालो. मे महिना, दोनचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका वळणावर बकरी आडवी आली. माझा पाय अजून ॲक्सिलेटरवरच होता...

आणि ब्रेकचं पॅडल आपोआप खाली गेलं.

गाडी थांबली. शेजारची सीट रिकामी होती.

माझी पार तंतरली. त्याच संध्याकाळी मी डावीकडची पॅडलं खोलून काढली. सोनलला सांगितलं, "नट ढिले झाले होते. धोका होता."

तिने वाकून त्या रिकाम्या जागेवर हात फिरवला. मग म्हणाली, "राहू दिलं असतं ना मामा."

तिला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं.

भाऊंचं ब्रेकचं पॅडल भंगारात टाकायला हात धजेना. नवं रबर चढवलं आणि फ्रेमसकट फळीवर ठेवून दिलं.

गेल्या दिवाळीनंतर सोनलचं लग्न झालं. धुळ्याला दिली. जुनी गाडी विकली. आता ती जावयांची नवी गाडी चालवते.

जानेवारीतली गोष्ट. दुपारी गॅरेजात एकटाच जेवत होतो. फळीवरून आवाज आला...

टक्.

उंदीर असेल म्हणून उठलो. आणि माझ्या डोळ्यांदेखत... पॅडल दबलं. परत वर आलं.

सोनलला फोन लावला. उचलला नाही. वीस मिनिटांनी तिचाच आला. "ठीक आहेस ना?" एवढंच मी विचारलं.

"गाडी चालवत होते मामा. ट्रॅक्टर आडवा आला होता, थोडक्यात वाचले. पण तुम्हाला कसं कळलं?"

मी सगळं सांगून टाकलं. माफी मागितली. पॅडल पोत्यात घालून धुळ्याला गेलो. नव्या गाडीला ते काही केल्या बसेना. जावई म्हणाले, "मामा, हप्त्याची गाडी आहे. भोकं नका पाडू." त्यांचं तरी काय चुकलं?

पॅडल परत फळीवर आलं. तेव्हापासून चार रबरं बदललीत.

काल दुपारी सव्वातीनला पुन्हा आवाज झाला. पॅडल खाली गेलं...

वर आलंच नाही.

दोन्ही हातांनी ओढलं. हलेना. त्या दिवशी भाऊंचा पाय हलत नव्हता, तसंच.

सोनलला फोन केला. तिने लगेच उचलला.

"मी घरीच आहे मामा. गाडी दारात उभी आहे. उद्या जळगावला येतेय ना, आईकडे."

"नको बेटा. गाडी नको, एसटीने ये. पॅडल खाली अडकलंय."

ती हसली. अगदी बापासारखी.

"मग कशाला घाबरता? ब्रेकवर पप्पांचा पाय आहे ना."

सोनलच्या आईला, माझ्या अक्कालाही फोन करून पाहिला. इतक्या दिवसांनी येणाऱ्या पोरीला अडवतोय म्हणून ती उलट माझ्यावरच चिडली. "छगन, इतला दिनमा पोर येई राहिनी, नि तू काबर आडावस?"

आज सकाळी दहाला सोनल धुळ्याहून निघाली. आता साडेअकरा वाजलेत. रिंग जातेय, पण ती उचलत नाही. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, ही बापाचीच शिकवण.

पॅडल अजून खालीच आहे. ते कशालाच जोडलेलं नाही. ना रॉड, ना केबल. तोडलं ते मीच.

शटर ओढून फळीसमोर उभा आहे. एका हातात फोन, दुसरा हात त्या रबरावर...

मीही दाबतोय.