रानगुलाबाचं पाणी

"ओ पावणं! थांबवा ते धूड! मागं झाड हाय!"

वर्षाराणी बांधावरून जीव खाऊन ओरडली, पण ऊस तोडणाऱ्या यंत्राच्या घरघराटात तिचा आवाज कुठल्या कुठे विरून गेला. यंत्र आपलं मागे मागे येतच राहिलं. शेवटी तिने हातातली वेताची परडी काचेवर फेकून मारली. तेव्हा कुठे ते थांबलं, आणि वरून धुळीने माखलेला एक चेहरा डोकावला.

"काय वं, जीव घेताय का?"

"तुम्हीच घ्यायला लागलाय. खाली उतरा, चाक बघा कुठं आलंय."

तो उतरला. चाकापासून हातभर अंतरावर रानगुलाबाचं जाळं होतं. पुरुषभर उंच, काट्यांनी गच्च, आणि पाच-पाच पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांनी नुसतं लगडलेलं. "एवढ्याशा झुडपासाठी एवढा दंगा?" म्हणत त्याने कौतुकाने एका फांदीला हात घातला, आणि पुढच्याच क्षणी "आई गं!" करून मागे घेतला. तळहातावर लांबलचक ओरखडा उमटला होता.

ती हसली. हसायला नको होतं, पण हसली... आणि तोही ओरखडा विसरून तिच्याकडे बघत राहिला.

कोडोलीत ते झुडूप म्हणजे आक्कांचा दवाखाना. आक्का वर्षाराणीच्या थोरल्या चुलती. फुलांचं पाणी डोळ्यांच्या आगीला, पाकळ्यांचा गुलकंद उष्णतेला, पाल्याचा रस तोंड आलेल्याला आणि सालीचा काढा बिघडलेल्या पोटाला. चाळीस वर्षं त्यांनी हे दिलं. आता हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी सगळी विद्या पुतणीच्या ओटीत घातली. दिवसभर शहरात, शाहूपुरीतल्या औषधाच्या दुकानात गोळ्या विकणारी पोरगी पहाटे उठून झुडपाची मनधरणी करते, म्हणून गावातल्या मैत्रिणी तिला चिडवायच्या. तिला त्याचं काही वाटत नसे. डोळा लाल असला की ती आधी डॉक्टर गाठायला लावायची, आणि मग फुलांचं पाणी द्यायची.

पण विद्येबरोबर आक्कांनी शब्दही घेतला होता. मागायला आलेल्याला परत पाठवायचं नाही. आणि ज्या घरात औषध गेलं, त्या घरचं काही म्हणजे काही घ्यायचं नाही. पाण्याचा घोट नाही, चोळीचा खण नाही, सोयरीक तर नाहीच नाही. "देणारा हात घेणारा झाला की गुण जातो, पोरी," आक्का म्हणायच्या. वर्षाराणीची आई कपाळाला हात लावायची. निम्म्या पन्हाळा तालुक्यात औषध पोचलेलं, आता ह्या पोरीला स्थळ आणायचं तरी कुठून?

स्थळ आलं ते यंत्रावर बसून. विश्वजित शिरोळचा. यंत्र स्वतःचं, आणि कोडोलीच्या त्या शिवारात त्याचा पंधरा दिवस मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे तो परत बांधावर हजर.

"हाताला काय तरी द्या की. लई ठणकतंय."

"घरी हळद असंल. लावा."

"सगळ्या गावाला औषध, आणि मलाच न्हाय?"

"यंत्र घालणाऱ्याला न्हाय."

त्या दिवशीचा नकार रागाचा होता. पुढे मात्र तसं राहिलं नाही. फुलं तोडायची तर आदल्या सांजेला झुडपाला हळद-तांदूळ वाहून आमंत्रण द्यायचं, ही आक्कांची रीत. एका सांजेला ती वाकून म्हणत होती, "उद्या येते. फुलं देशील न्हवं?"

"देतो की!" मागून आवाज आला.

ती दचकली, चिडली, आणि घरी जाईपर्यंत एकटीच हसत राहिली.

आठव्या दिवशी त्याचे डोळे पाचटाच्या धुळीने चुरचुरत होते. तिच्या हातात फुलांच्या पाण्याची ताजी बाटली होती. तिने ती पुढे केली... आणि पटकन ओढणीखाली लपवली.

"शाहूपुरीत दुकानात या. चांगले थेंब देते."

"ह्यातलं दिलं तर काय बिघडंल?"

"लई बिघडंल."

"एवढी चिक्कू पोरगी आमच्या शिरोळात सापडायची न्हाय!"

"मग शिरोळातच बघा की..."

सांगायचं तर होतं तिला. तुला औषध दिलं तर तुझ्या घरात मला येता येणार नाही रे, म्हणून देत नाही... पण हे सांगायचं म्हणजे स्वतःच्या तोंडाने सगळं कबूल करणं. ते तिला जमेना. हळद सांगितली, थेंब दिले, म्हणजे परत पाठवलं असं होत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. तो आधी बोलू दे, मग सांगू, असं तिने ठरवलं. आणि तो मुकाट्याने शाहूपुरीत येऊन थेंब घेऊन गेला. एकदा नाही, तीनदा. डोळे तर पहिल्यांदाच बरे झाले होते.

मुक्काम संपायच्या आदल्या दिवशी तो बोलला.

"आईला सांगू काय... आपलं?"

"आपलं काय?"

"आता सगळं मीच बोलायचं व्हय? इथं रोज ऊस बघायला येतोय असं वाटतंय काय तुला?"

फुलांकडे बघत ती म्हणाली, "सांग." पहिल्यांदाच तिच्या तोंडून एकेरी आलं. त्या आनंदात ती औषधाचा नियम सांगायचा विसरली. शिरोळ कुठे, कोडोली कुठे. एवढ्या लांबून औषधाला कोण येतंय?

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी दारात मोटारसायकल थांबली. विश्वजित पुढे, आणि मागे डोळ्यावर पदर धरलेल्या एक बाई. उतरल्या उतरल्या तो म्हणाला, "ही आमची आई. झुंबरबाई. डोळा लई दुखतोय तिचा." आणि चेहरा तर हसरा!

वर्षाराणीने झुंबरबाईंना ओट्यावर बसवलं, पण तिला नियम आठवला होता.

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं की. थेंब घातलं, गुण न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "माझं माहेर हितनं दोन कोसांवर. आक्कांच्या हातचा गुण मला ठावा हाय. लई आशेनं आलोय बाई, न्हाय म्हणू नगासा."

वर्षाराणीने आक्कांकडे बघितलं. आक्कांना पोरीचं मन ठाऊक होतं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आता हात तुझा हाय. मी काय सांगू?"

डोळा तिला फारसा लाल दिसला नाही. पण दुखणं नेहमी वर दिसतंच असं नाही, हे ती रोज दुकानात बघत होती. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याचा डोळा नीट बघायला तिचे स्वतःचे डोळे तरी कोरडे कुठे होते? एक शब्द बोलायचा अवकाश होता. औषध संपलंय. बस्स, एवढंच. समोरची बाई निघून गेली असती, आणि ती उद्या त्याच बाईची सून झाली असती. पण समोर बसलेली बाई दुखण्याने कण्हत होती, आणि ती त्याची आई होती. त्याच्या आईला दुखत ठेवून त्याच्या घरात जायचं कोणत्या तोंडाने?

तिने बाटली भरली. तोंडाला फडकं लावून वर दोरा गुंडाळला. "बंद डोळ्यावर पट्टी ठेवायची, सकाळ-संध्याकाळ," एवढं सांगून बाटली झुंबरबाईंच्या हातात ठेवली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर विश्वजित आक्कांना विचारत होता, "काय झालं वं हिला?"

त्यानंतर वीस दिवस गेले. ती कामावर जात होती, गोळ्या देत होती, पहाटे फुलं तोडत होती. जेवणावरची वासना मात्र उडाली होती. आपला फोन तिने बंद ठेवला नव्हता, आणि त्याचा आला नव्हता. ती स्वतःची समजूत घालायची की एका माणसाचा डोळा तरी बरा झाला असेल.

एकविसाव्या दिवशी सकाळी तो आला. खिशातून बाटली काढून त्याने तिच्यापुढे धरली. फडकं तसंच, दोरा तसाच.

"उघडलीबी न्हाय," तो घाईघाईने म्हणाला. "आईचा डोळा दुखतच नव्हता. मला वाटलं, तिला तुला बघायचंय. ती म्हणली, डोळ्याचं निमित्त करू, म्हणजे पोरगी अवघडायची न्हाय. मी बी हौसेनं खोटं बोललो गं! घरी गेल्यावर म्हणली, आता त्या घरची पोरगी आपल्याला मिळत न्हाय, औषध घेतलंय आपण... तिला नियम ठाऊक होता. तिला मामाची पोरगी करून घ्यायचीय."

 वर्षाराणी जोत्यावर बसली. ओट्यावरून आक्कांनी सगळं ऐकलं होतं. त्या काठी टेकत आल्या, बाटली हातात घेऊन निरखली आणि म्हणाल्या, "वापरलंच न्हाय, तर औषध गेलं कुठं? नुसती बाटली गेली. माझ्याकडनं तू मोकळी हाईस, पोरी." आणि डोळे पुसत आत गेल्या.

विश्वजितचा चेहरा उजळला. वर्षाराणीच्याही अंगावर शहारा आला. इतक्या दिवसांनी तिला फुलांचा वास आला.

"तुला कधी कळलं हे?" तिने विचारलं.

"त्याच सांजेला."

"आणि मी हितं वीस दिवस...?"

"आईचं मन वळतंय काय ते बघत होतो."

"वळलं?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"बरं, न वळू दे. लोकांना काय सांगायचं? औषध दिलेल्या घरात मी कशी आले म्हणून?"

तो चुळबुळला. "हे बघ... आईचं नाव नको काढूया. चारचौघांत तिचं तोंड पडंल. आपण म्हणू, तूच नियम मोडलास. माझ्यासाठी. लोकं चार दिवस बोलतील, गप बसतील."

"आणि औषधाला येणारी माणसं? शब्द मोडणारीच्या हातचं कोण घेईल?"

"ऱ्हाऊ दे की ते. तुझं दुकान हाय की शाहूपुरीत..."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तोच चेहरा, तेच डोळे. तो तिला आवडत होता. त्या क्षणीही आवडत होता, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त चीड आली. त्याच्या आईच्या न दुखणाऱ्या डोळ्यासाठी तिने आपला सगळा संसार देऊन टाकला होता. आणि त्याला आईपुढे एक खरं वाक्य बोलवत नव्हतं.

"आईंना सांग," ती उठत म्हणाली, "डोळा खरंच दुखला तर अवघडायचं न्हाय. सरळ यायचं. ह्या दारातनं कोण परत जात न्हाय."

"आणि मी?"

"तू जा."

तो थोडा वेळ उभा राहिला... ती हाक मारेल म्हणून. मग मोटारसायकलचा आवाज झाला, आणि बांधाच्या वळणापलीकडे ऐकू येईनासा झाला.

शेजारच्या धोंडुबाई तोंड आलं म्हणून कधीच्या येऊन पायरीवर बसल्या होत्या. वर्षाराणीने पाला वाटायला घेतला.

"कोण गं त्यो?" धोंडुबाईंनी विचारलं.

"शिरोळचा हाय. औषध परत द्यायला आलता."

"परत? औषध कधी कोण परत देतंय व्हय?"

"दिलं की," ती म्हणाली. पाट्यावर हात तसाच राहिला, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.