पंक्चर

रविवारी सकाळी अकोल्यात बबलू केबलवाल्याच्या ऑफिसामागच्या खोलीत पंधरा-वीस माणसं गळ्यात पट्टे अडकवून बसली होती आणि एकदमच "आई गं!" म्हणून ओरडली. ठोसा पडला होता सातासमुद्रापलीकडे, प्रणोती इंगळेच्या बरगडीत. कळ मात्र इथे प्रत्येकाच्या बरगडीत उठली.

यालाच अंगथेट प्रक्षेपण म्हणत. बॉक्सरच्या मानेत तांदळाएवढा टिपक बसवायचा, त्याने चेतातंतूंतून धावणाऱ्या संवेदना टिपायच्या आणि गळपट्ट्याने त्या बघणाऱ्याच्या अंगात उतरवायच्या. लढत नुसती बघायची नाही, लढणाऱ्याच्या कातडीत बसून भोगायची. पण कंपनीने एका लढतीचा दर असा लावला होता, की तेवढ्यात घरचा महिन्याचा किराणा आला असता. म्हणून तर बबलूची चोरवाहिनी चालायची. नाश्त्याच्या पैशात तो जागतिक अजिंक्यपद दाखवायचा, वर पोहेही द्यायचा.

कोपऱ्यात बसलेल्या करिश्मा तायडेने पोह्यांना हात लावला नव्हता. पट्टा मात्र तिनेच सगळ्यांत आधी उचलला होता.

जळत होती ती. अहो, का नाही जळणार? भटकर सरांच्या तालमीत करिश्मा पहिली आणि प्रणोती दुसरी, हे गावाला ठाऊक होतं. प्रणोतीचा तो डावा हूक, ज्यावर आज जग टाळ्या वाजवत होतं, तो करिश्मानेच तिला घासून घासून शिकवला होता. आता करिश्मा शाळेत पीटीची मॅडम होऊन पोरांच्या रांगा सरळ करत होती. बसस्टँडवर प्रणोतीचा भलामोठा फोटो लागला, तेव्हापासून तिने तो रस्ताच सोडला होता. चारचौघांत "पोरीनं नाव काढलं हो" म्हणायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

सगळं गेलं होतं ते एका शब्दापायी. सरांचा नियम होता, फेरी संपून स्टुलावर बसलं की बुटातली बोटं मिटायची, आधी उजव्या पायाची, मग डाव्या. "एक पाय ऐकेनासा झाला तर लाजायचं नाही. डोक्याला मार बसला समजायचं अन् मले सांगायचं, पंक्चर." राज्याच्या अंतिम लढतीत करिश्मा पुढे होती, डाव्या पायाची बोटं मिटेनात, आणि तिने प्रामाणिकपणे शब्द उच्चारला. सरांनी तिथेच लढत सोडली. डॉक्टरांना मेंदूत रक्ताची गाठ सापडली. जीव वाचला, बॉक्सिंग संपलं. संघातल्या तिच्या जागेवर प्रणोती गेली.

सातवी फेरी संपल्याची घंटा झाली. प्रणोती स्टुलावर बसली. गुणांत ती चांगलीच पुढे होती. आणखी तीन फेऱ्या काढल्या की अजिंक्यपदाचा पट्टा तिचा. करिश्माच्या उजव्या पायाची बोटं आपोआप मिटल्यासारखी वाटली. मग डाव्या पायाची पाळी आली.

काहीच नाही. तळव्यापासून घोट्यापर्यंत सगळं थंडगार.

"पाय झोपला वाटते माझा," शेजारचा गडी पाय झटकत म्हणाला.

"बबलूभाऊ, पैसे भरून बघणाऱ्यांनाही हे असंच जाणवतं का?" करिश्माने घाईने विचारलं.

"नाही ना ताई! कंपनीवाले गाळणी लावतात. दुखणं कमी करतात, बधिरपणा तर काढूनच टाकतात. गिऱ्हाईक घाबरलं नाही पाह्यजे. त्यांचं त्यात दीड मिनिट उशिरा पोचते. आपला माल कच्चा अन् ताजा!"

म्हणजे ज्यांनी पैसे मोजले, त्यांना यातलं काही कळणार नव्हतं. करिश्मा श्वास रोखून वाट बघू लागली. आता घसा हलेल, आता ती शब्द उच्चारेल. सर समोरच तर होते, तिच्या डोळ्यांवर पाणी मारत होते. घसा हलला नाही. प्रणोती उठली.

"लबाड!" करिश्मा मोठ्याने बोलून गेली. मी बोलले आणि घरी बसले. ही गप्प बसते आणि पट्टा नेते! पड तिथेच. पड म्हणजे कळेल. हे तिच्या मनात इतकं स्वच्छ आलं, की तिची तिलाच भीती वाटली.

रिंगपाशी उभ्या सरांचा फोन कुठून लागणार? पडद्याच्या कोपऱ्यात कंपनीचा क्रमांक लुकलुकत होता : प्रक्षेपणाची चोरी कळवा. तिने तो लावला. मालाची चोरी म्हटल्यावर उचलायला कितीसा वेळ लागतो! पहिल्याच घंटेला बाईचा गोड आवाज आला, माणसाचा की यंत्राचा कोण जाणे.

"मी चोरून बघतेय. अड्ड्याचा पत्ता देते," करिश्मा म्हणाली. "पण आधी प्रणोतीच्या कोपऱ्यात भटकर सरांच्या कानावर एक शब्द घाला. पंक्चर. एवढाच."

"याचा अर्थ काय, मॅडम?"

"त्यांना कळेल. ते मान डोलावतील, मग मी पत्ता सांगेन."

बबलूच्या हातातला झारा तसाच राहिला. "ताई, काहून माह्या पोटावर पाय देता वं?"

तिने ऐकलं नाही. आठवी फेरी सुरू होती. प्रणोतीचा डावा पाय फरपटत होता, आणि निवेदक त्याला नवी चाल म्हणून वाखाणत होता. पडद्यावर गळ्यात कंपनीचा बिल्ला घातलेला एक माणूस सरांच्या कानाशी वाकला. सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मान डोलावली आणि हातातला टॉवेल रिंगमध्ये भिरकावला.

खोलीत एकच बोंब उठली. करिश्माने फोनमध्ये पत्ता सांगितला आणि डोळे मिटले. प्रणोतीच्या छातीत संताप उसळला, जबडा आवळला. आणि मग ती थबकली. सरांना तो शब्द कुणी सांगितला, हे तिला उमगलं असावं. तो ठाऊक असलेलं जगात आणखी कोण होतं?

मागोमाग एक ऊब आली. गोड, हलकी, छातीभर पसरणारी. सुटली बिचारी, करिश्माला वाटलं. हरली, पण वाचली, आणि आतून तिलाही हायसं वाटतंय.

डोळे पुसत तिने गळ्यातला पट्टा काढून बाकावर ठेवला.

बधिरपणा गेला. जबड्यातला ताण गेला. छातीतली ती गोड ऊब मात्र होती तिथेच होती. मग ती नेमकी कुणाची होती?