तिथं 'येतो' म्हणायचं नसतं

मी हर्षा. वनरक्षक आहे. हे माझ्यासोबत घडलंय, कुणाच्या काकाच्या मित्राच्या साळ्यासोबत नाही. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

रात्र नव्हती, आधीच सांगते. एप्रिलमधला गुरुवार, दुपारचे अडीच वाजले होते. आरमोरीच्या पलीकडच्या जंगलात माझं बीट, म्हणजे राखणीचा पट्टा, होता. वणव्याचे दिवस, म्हणून आग अडवायला साफ केलेल्या जाळरेषा बघत फिरत होते. सोबत गावातला रोजंदारीवरचा इसरू. पन्नाशीचा माणूस, दिवसभरात मोजून दहा शब्द बोलणारा.

माझी चार वर्षांची लेक करिश्मा सिंदेवाहीला माझ्या आईकडे. मी क्वार्टरवर एकटी. शनिवारी घरी जायचं, रविवारी संध्याकाळी परत. तेवढ्या एका दिवसावर आठवडा काढायचा.

त्या दुपारी आम्ही एका पडक्या चौथऱ्यापाशी आलो. बाजूला कोरडं तळं. मोहाचं मोठं झाड. खाली फुलांचा सडा...

पण कुणी वेचला नव्हता.

मोहाच्या दिवसांत असं होतच नाही. इथं माणसं उजाडायच्या आधी टोपली घेऊन झाडाखाली हजर असतात.

सड्याच्या मधोमध दोन माणसं बसतील एवढी जागा झाडून ठेवलेली होती.

तिथं पळसाच्या पानांचे दोन दोने... पाण्यानं भरलेले.

इसरू मागंच थांबला.

"बस ना, बाई."

आवाज झाडामागून आला. बाईचा. थकलेला, पण आदबशीर. मी वाकून बघितलं.

कुणी नव्हतं. पाखरूही बोलत नव्हतं.

असेल कुणी आडोशाला, असं वाटलं. आपली रीत असते तसं मी म्हणाले, "घाईत आहो बाई. येतो मंग."

इसरूच्या हातातली कुऱ्हाड खाली पडली. ती उचलून तो झपाझप गावाकडं निघाला.

संध्याकाळी त्याची म्हातारी आई, बुधरी, क्वार्टरवर आली.

"बाई, तुनं तिथी 'येतो' काऊन म्हटलं? तिथी 'जातो' म्हनाव लागते."

निघताना 'जातो' म्हणू नये, हे आपल्याला शेंबडं असल्यापासून शिकवतात. इथं उलटंच.

बुधरीनं सांगितलं ते असं. फार मागं इथल्या एका छोट्या राजाची धाकटी राणी होती. बस्तरकडून आणलेली. लेकरू झालं नाही, सवतीनं कान भरले. राजानं हवापालट म्हणून तिला तळ्यावरच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. घोड्यावर बसताना म्हणाला, "येतो."

मग दासी 'येतो' म्हणून गेली. शिपाई 'येतो' म्हणून गेला. वाटसरूही तेच म्हणायचे. राणी रोज दोघांपुरती जागा झाडून ठेवायची. अकरा वर्षं. मेली तेही चार दिवसांनी कळलं.

"तिले 'येतो' म्हनून जो परत गेला नाई, त्याच्या घरचे त्याची वाटच पाहत राह्यते," बुधरी म्हणाली. "तू एकटी जाय, बस, अन् 'जातो' म्हनून निघ."

मी हसले. आमचं घर बौद्धांचं. भुताखेतांना माझ्या बाबांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं.

त्या शनिवारी गाडी बंद पडली. पुढच्या शनिवारी वणवा लागला. तिसऱ्याला रजा रद्द. चौथ्या शनिवारी बसमध्ये बसले, तर पुढं रस्त्यावर ट्रक उलटलेला, बस माघारी फिरली. प्रत्येक वेळी चांगलं सरळ कारण होतं.

मग आईचा फोन आला.

"पोरगी फाटकापाशी बसून राह्यते. जेवत नाई. अन् आता तर 'आई कधी येनार' हेही विचारत नाई."

माझं सगळं शहाणपण तिथंच संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी निघाले.

जागा झाडलेली होती. दोन दोने. मी बसले.

बराच वेळ काहीच नाही... मग समोरच्या दोन्यातलं पाणी हळूहळू कमी झालं.

"वाटेनं घोडा दिसला काय?"

अगदी जवळून.

"नाई, राणीबाई."

अंगावर काटा आला होता, तरी खरं सांगते, भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं. क्वार्टरवर मीही कधीकधी चुकून दोन कप चहा ठेवते.

उठून म्हणाले, "जातो, राणीबाई. मी परत नाई येनार. माही पोरगी वाट पाहून राह्यली."

मी दहा-बारा पावलं चालले असेन...

"बरं, बाई. जाय तू. येतो मंग मी."

मागं वळून बघायची हिंमत झाली नाही.

त्याच संध्याकाळी सिंदेवाहीला पोचले. कुठेच अडलं नाही. करिश्मा माझ्या हातून पोटभर जेवली. महिनाभरात बदलीही सिंदेवाहीलाच झाली.

याला आता दोन वर्षं होतील. परवा बुधरीचा फोन आला.

"मोहाखाली आता कोनी झाडत नाई, बाई. फुलं आमीच वेचतो." मग तिनं विचारलं, "तुह्याकडं आली काय?"

मी नाही म्हणाले.

सुटीच्या दुपारी आई आणि करिश्मा झोपलेल्या असतात. मी दार लावायला उठते आणि कडीवर हात ठेवून तशीच उभी राहते. भीती वाटते. पण इतकी वर्षं एकटी बसलेली बाई शेवटी उठून माझ्याकडेच यायला निघाली असेल, तर तिच्या तोंडावर दार कसं लावू?