सायीवरची पकड

सकाळी साडेआठला शस्त्रक्रिया विभागाच्या कपडे बदलायच्या खोलीत दोन कप दूध गार होत होतं, आणि डॉ. यशोधन कुलगुडे त्यांतल्या एका कपाकडे, मागच्या खेपेला अपमान करून गेलेला पाहुणा परत आल्यासारखं पाहत होते.

"दहा मिनिटं झाली," एस्तेर सिस्टर म्हणाल्या. "धरा सर."

कुलगुडेंनी अंगठ्यावर आणि तर्जनीवर बोटटोप्या चढवल्या. कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ. ऑपरेशनच्या वेळी त्या ग्लोव्हच्या आत राहत आणि बोटं किती जोर लावतायत ते मोजत. पण त्या रोज उकळून निघत, त्यामुळे जोर म्हणजे काय हे त्यांना रोज सकाळी नव्यानं शिकवावं लागे. रीत सोपी होती. सरावाच्या फोर्सेपनं, म्हणजे चिमट्यानं, दुधावरची साय अख्खी उचलायची, मग ती फाटेपर्यंत दाबायचं. साय फाटली तो जोर म्हणजे शंभर. कुलगुडेंच्या बाबतीत या दोन्ही पायऱ्या एकदमच उरकत.

आजही उरकल्या. साय अर्ध्यावर फाटून दुधात परत बसली.

शेजारी डॉ. मुबीना शिकलगारनं तिच्या कपातली साय सबंध उचलली, इस्त्रीच्या रुमालासारखी हवेत धरली, मग सावकाश दाबून फाडली आणि सिस्टरांच्या बरणीत टाकली. सिस्टर ती जमवून तूप कढवत.

"छान," सिस्टर म्हणाल्या.

या महिन्यातलं हे एकोणिसावं छान होतं. कुलगुडेंना मोजायचं नव्हतं, पण आकडा आपोआप लक्षात राही.

सायीची ही परीक्षा मुळात सिस्टरांचीच. एस्तेर गायकवाड तीस वर्षं मिरजेच्या या रुग्णालयात सर्जनच्या हातात हत्यारं देत आल्या होत्या, आणि ज्याला दुधावरची साय उचलता येत नाही त्याला त्या बारीक फोर्सेप देत नसत. पुढे हत्यारं स्वतःच निवडून देणारं 'जाणतं तबक' आलं. तबकाच्या कंपनीनं सरावासाठी सिलिकॉनचा पडदा आणला होता. तो ट्रकच्या ट्यूबसारखा निघाला. शेवटी सिस्टरांची साय विज्ञानाला मान्य झाली आणि कंपनीच्या पुस्तिकेत छापून आली: पिशवीचं टोन्ड दूध, एक उकळी, दहा मिनिटं. आता राज्यातल्या एकशे चाळीस रुग्णालयांत रोज सकाळी सर्जन मंडळी कपापुढे उभी राहत. रुग्णांना हे कुणी सांगत नसे.

तबकाचं काम फोर्सेप निवडायचं. ऑपरेशनच्या दिव्यात बसवलेला कॅमेरा समोरची ऊती ओळखे, म्हणजे ती कातडी आहे, आतडं आहे की रक्तवाहिनी. बोटटोप्या हात ओळखत. दोन्हींचा मेळ घालून तबक योग्य तो फोर्सेप वर उचलून धरी. कातडीला दातवाला. आतड्याला बिनदाती, रुंद तोंडाचा. बारीक रक्तवाहिनीला लांब, निमुळता बिनदाती. मुबीनासाठी हा निमुळता सरसर वर येई. त्याच रक्तवाहिनीसाठी कुलगुडेंना मात्र एक आखूड, बोथट, मऊ तोंडाचा फोर्सेप मिळे. सिस्टर त्याला मनातल्या मनात बाळचमचा म्हणत. एकदा मोठ्यानं म्हणाल्या होत्या.

शिवाय तबक बोलत असे. "सर, थोडं सैल," एक अतिशय सभ्य बाई सगळ्यांदेखत म्हणे. मुबीनाला ती काहीच म्हणत नसे. कुलगुडेंना त्या काही न म्हणण्याचाही हेवा वाटे.

ऑपरेशन संपलं की भिंतीवरच्या फलकावर 'दुखावा' उमटे: धरताना ऊती किती चिरडली, शंभरपैकी. कुलगुडे बेचाळीस, मुबीना नऊ. आणि दोन महिन्यांनी आतड्यांचा नवा विभाग उघडणार होता. ज्याचा दुखावा कमी, तो विभागप्रमुख, असं ठरलं होतं. ही सूचना कुलगुडेंनीच केली होती, तबक येण्याआधी आठवडाभर.

सगळ्यात जास्त लागे ते हे, की मुबीनाला फोर्सेप धरायला त्यांनीच शिकवलं होतं. आठ वर्षांपूर्वी तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सर, कातडी नाजूक, मग तिला दातवाला कशाला?"

"दात रुतले की दाबावं लागत नाही," ते म्हणाले होते. "गुळगुळीतानं धरलीस की निसटेल या भीतीनं तू दाबत बसशील. चिरडतं ते भीतीनं."

तिनं ते वहीत लिहून घेतलं होतं. त्यांनी लिहून घेतलं नव्हतं.

त्यांनी सराव केला नाही असं नाही. घरी ते कच्चे पापड या ताटातून त्या ताटात फोर्सेपनं ठेवत. जेली उचलत. एका रविवारी त्यांनी इडलीवरून डोसा न फाटता सोलता येतो का ते पाहिलं. मुळात डोसा इडलीवर का ठेवला, हे त्यांच्या पत्नीनं, वैजयंतीबाईंनी, विचारलं नाही.

"त्या पोरीला विचारा ना ती कसं करते," त्या एवढंच म्हणाल्या.

"तिला मी शिकवलंय."

"मग स्वतःला विचारा."

घरी जवळच्या आरग गावाहून म्हशीचं दूध येई. त्यावरची साय सुरीनं कापून पोळीवर घ्यावी लागे. त्या दिवशी चहाच्या वेळी कुलगुडे बराच वेळ पातेल्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीत थर्मास होता.

म्हशीच्या दुधाची साय अख्खी उठली. दाबली, फाटेना. आणखी दाबली. शेवटी फाटली तेव्हा त्यांच्या बोटांना रग लागली होती. टोप्यांनी इमानानं टिपून घेतलं: हा जोर म्हणजे शंभर.

"छान," सिस्टर म्हणाल्या, पण बरणीकडे पाहत.

टेबलावर श्रीपती चौगुले होते. जयसिंगपूर रस्त्यावर त्यांचं भडंगाचं दुकान होतं आणि आतड्याचा एक अरुंद झालेला तुकडा काढायचा होता. भूल देण्याआधी ते म्हणाले, "सर, जरा बेतानं धरा. आत सगळं तिखटावर वाढलेलं हाय, पण मन हळवं हाय त्याचं."

कातडी झाली, पोट उघडलं, पहिली बारीक रक्तवाहिनी आली, आणि तबकातून कुलगुडेंसाठी तो लांब, निमुळता फोर्सेप वर आला. समोर मदतीला उभ्या असलेल्या मुबीनानं मान वर केली. कुलगुडेंनी तो घेतला. त्यांना दहावीच्या निकालानंतर इतकं बरं प्रथमच वाटत होतं.

रक्तवाहिनी उरकली, मग आतड्यासाठी रुंद तोंडाचा आला. त्यांनी धरलं. बाई काही बोलली नाही. आणखी धरलं. शांतता. कुलगुडे ती शांतता कान देऊन ऐकत होते, आणि म्हणून फोर्सेपच्या टोकाखालचं आतडं पांढरं पडत चाललंय हे त्यांना क्षणभर उशिरा दिसलं. त्यांनी बोटं उघडली. पांढरा डाग तसाच राहिला. मग गुलाबी झाला. तोवर टेबलाभोवती कुणी श्वास घेतला नव्हता. चौगुले घेत होते, पण यंत्रानं.

उरलेलं ऑपरेशन त्यांनी असं केलं की जणू आतड्यावर साय होती, पिशवीची. दुखावा आला चौदा.

मग तबक बोललं. "एक नोंद. एवढ्या कमी जोरानं ही ऊती पांढरी पडली. रुग्णाची ऊती असाधारण नाजूक आहे."

तबकाचं चुकलं नव्हतं. जोर कमी होता हे टोप्या सांगत होत्या, आतडं पांढरं पडलं हे कॅमेरा. सर्जन खोटा असेल ही शक्यता तबकाला कुणी शिकवली नव्हती. ते दुधाच्या पुस्तिकेत नव्हतं.

त्या दिवसापासून नऊ दिवस थर्मास येत राहिला. टोप्यांवर जोर इतका कमी दिसे की ऊती जराशी फिकटली तरी पुरे: नऊ रुग्ण, नऊही असाधारण नाजूक. दहाव्या दिवशी राज्यातल्या सगळ्या तबकांवर सूचना झळकली: मिरज परिसरातल्या माणसांच्या ऊती अचानक नाजूक झाल्या आहेत, मिरजेचा पत्ता असलेल्या रुग्णांना निम्म्या जोरानं धरावं, कारण शोधलं जात आहे.

कारण शोधायला दोन माणसं आली आणि नळाच्या पाण्याचे नमुने घेऊन गेली. एका वर्तमानपत्रानं नाजूकपणाचं श्रेय मिरजेत बनणाऱ्या तंबोऱ्यांना दिलं. आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. पुण्यात, नाशकात, जिथं कुठं मिरजकरांची ऑपरेशनं झाली, तिथले बहुतेकजण दोन दिवस आधी घरी गेले. टाके लवकर भरले, पोट लवकर चालू झालं. सोलापुरात एका गृहस्थांनी हर्नियाच्या ऑपरेशनआधी मिरजेत खोली भाड्यानं घेऊन आधारवरचा पत्ता बदलून आणला.

या 'मिरज ऊती'वर पुण्याच्या परिषदेत बोलायला सगळ्यात कमी दुखाव्याची सर्जन म्हणून एकीला बोलावणं आलं: डॉ. मुबीना शिकलगार.

कुलगुडेंनी ते पत्र दोनदा वाचलं. शोध त्यांचा होता. खोटा होता हे खरं, पण त्यांचा होता. आपल्याच लबाडीचं श्रेय दुसरीला जातंय आणि आपल्याला हक्क सांगता येत नाही, असा हेवा कुणी केला असेल का, याचा ते विचार करत असताना मुबीना आत आली. मागे एस्तेर सिस्टर, हातात बरणी.

"सर, दूध कुठलं?" मुबीनानं विचारलं.

"कसलं दूध?"

सिस्टरांनी बरणी टेबलावर ठेवली. "टोन्ड दुधाचं महिनाभर साचवून दोन चमचे तूप निघतं. ह्या खेपेला अर्धी वाटी निघालं. रवाळ. माझ्या सुनेनं विचारलं, म्हैस कुणाची."

कुलगुडे तुपाकडे पाहत राहिले. तूप खरंच रवाळ होतं.

"आरगची," ते म्हणाले.

"इतके दिवस तुम्ही दोघी बोललात का नाही?" त्यांनी मग विचारलं. "तुला तर पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पांढरं पडलं तेव्हा."

"दिसलं. पण तुम्ही सोडलंत. तबकानं न सांगता, स्वतः बघून सोडलंत. त्यानंतर तुम्ही एकदाही तसं दाबलं नाही, सर. मी रोज बघतेय. पण मी गप्प बसायला नको होतं. काल कोल्हापुरात एका मिरजेच्या बाईंची रक्तवाहिनी निम्म्या जोरानं धरली, दोनदा निसटली. बाई ठीक आहेत. आता अशी दुसरी कुणी नको."

कुलगुडेंना वाटलं ती आता विभागाबद्दल काहीतरी मोठ्या मनानं बोलेल, आणि ते त्यांना अजिबात सहन होणार नाही.

"विभाग मला हवाय, सर," मुबीना म्हणाली. "पण तुपावर नको."

त्यांना एकदम हलकं वाटलं. दात रुतले होते, पण चिरडलं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला पुन्हा दोन कप होते, आज तबकाच्या खोलीत, दोन्ही पिशवीच्या दुधाचे. कुलगुडे तबकापुढे उभे राहिले आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं: थर्मास, आरग, नऊ दिवस. एखाद्या थाळ्यापुढे गुन्हा कबूल करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. सिस्टरांनी साक्षीला बरणी कॅमेऱ्यापुढे धरली.

मग त्यांनी साय धरली. हात दाबायला निघाला. निसटेल, असं बोटं म्हणत होती. निसटू दे, असं त्यांनी बोटांना सांगितलं. साय एका कडेनं खरंच निसटली, लोंबली, आणि बाकीची अख्खी वर आली. रुमाल नव्हता, फार तर वापरलेला नॅपकिन. पण फाटली नव्हती.

शेजारी मुबीनाचा रुमाल कधीच हवेत होता. त्यांना हेवा वाटला, नेहमीचाच. सिस्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि छान कुणालाच म्हटलं नाही.

फलकावर आकडे बदलू लागले. नऊ ऑपरेशनांचे दुखावे नव्यानं मोजले गेले. पहिला एक्कावन्न निघाला. विभाग गेला, हे तिथंच कळलं. पण त्यानंतरचे बावीस, एकोणीस, अठरा असे उतरत गेले होते, आणि शेवटचा होता सोळा. कुलगुडे त्या सोळाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

"दुरुस्ती पूर्ण," सभ्य बाई म्हणाली. "मिरजेची माणसं जास्त नाजूक नाहीत. रक्तवाहिनीला निम्मा जोर पुरत नाही, ती सूचना सगळीकडून काढली आहे. पण आतडं आणि कातडी हळू धरल्यावर मिरजेचे रुग्ण लवकर बरे झाले, हे मोजलेलं आहे. ते दुधावर अवलंबून नाही. तेव्हा एक विचारायचं आहे."

"विचारा," कुलगुडे म्हणाले. तबकाशी ते पहिल्यांदाच अहो-जाहो करत होते.

"मिरजेची माणसं बाकीच्यांसारखीच आहेत, अशी नोंद करू? की बाकीची सगळी माणसं मिरजेसारखी आहेत, अशी?"