राणी रंगाचा डाग

कॉलेजात मला घाबरट म्हणून ओळखतात. त्यामुळे हे सांगायला गेले की सगळे आधी हसतात. तुम्हीही हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

नांदेडच्या आमच्या फोटो-प्रदर्शनात भिंतीवर एकच जागा उरली होती. विरूपाक्ष सरांनी माझे निळे-काळे फोटो बाजूला सारले. "माणूस नको, वस्तू नको. नुसत्या रंगानं बघणारा खूश झाला पाहिजे. तुझे रंगच घाबरलेत, पोरी. सोमवारपर्यंत नवा आण, नाहीतर जागा दुसऱ्याला."

म्हणून मैत्रीण पुनमसोबत अर्धापूरला गेले. तिच्या भुजंगमामांची केळी पिकवायची थंड खोली आहे. हिरव्याचं पिवळं होणं... याहून आनंदी रंग कुठला?

मामांनी जाड दार ओढलं. "येऊ का म्हणून इचार, मंग आत जा. पुनमची मामी तुळजा असताना तिची शिस्त व्हती. ती गेली, पर आमी इचारतोच."

"नाही विचारलं तर?"

"केळी रुसतेत," मामा मिशीत हसले.

मी विचारलं. आत गारठा, एकच मिणमिणता दिवा, पंख्यांची घरघर आणि पिकत्या केळ्यांचा गोड, दाट वास. क्रेटच्या रांगांसमोर कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवून मी तो आडवा फिरवायची. स्क्रीनवर पिवळ्या-हिरव्या रेघा वाहायच्या. मजा यायला लागली. आणि मागे बांगड्या वाजल्या... अगदी हळू. मागे न बघताच मी दाराकडे पळाले. "पुनम, चल गं! चल लवकर!"

पुनम बाहेर बाजेवर बसून केळं खात होती. "मी आत आलेच न्हाई, बाई. कुणाला बोलावून राहिलीस?"

घरी कॉम्प्युटरवर बघते, तर शेवटच्या फोटोत राणी रंगाचा डाग. तसलं काही त्या खोलीत नव्हतंच. सगळा रंग काढून शून्यावर आणला. पिवळा राखाडी झाला, हिरवा राखाडी झाला. राणी मात्र तसाच... उलट जरा उजळला.

मी किंचाळले. मग, खरं सांगते, हसूच यायला लागलं. आई धावत आली, तीही बघून हसली.

मामांना फोटो पाठवला. लगेच त्यांचा फोन आला. "तुळजाचं लुगडं... तू चल म्हणलीस का तिला?"

"मी... पुनमला म्हणाले."

"मंग आली आसंल. फिरायची लई हौस तिला, मी कुठं न्हेलंच न्हाई. पुसू नको, पोरी."

पुसला नाही. प्रदर्शनात लोक फोटोसमोर थांबत आणि उगाच हसत. सरसुद्धा. मामा नवी टोपी घालून आले. पुनमनं मोबाईलवर आमचा फोटो काढला. त्यात मागची फ्रेम नुसती पिवळी-हिरवी होती. राणी रंग माझ्या पांढऱ्या ओढणीवर, खांद्याशी...

मामा माझ्या खांद्याकडे बघून हळूच म्हणाले, "चल गं, घरला." थोडं थांबले. मग मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे चार दिस. रमलीय."

आईला तुळजामामींचं किंवा त्यांच्या शिस्तीचं काही सांगितलेलं नाही. तरी काल माझ्या खोलीच्या दाराशी थांबून ती म्हणाली, "येऊ का?" आणि हसतच आत आली.

"इतक्या लाडानं कधी ये म्हणत नाहीस गं!"

मी तर तोंडही उघडलं नव्हतं.