नऊ खुर्च्या आणि एक कात्री

फ्रेमवाल्याच्या दुकानात तिने पहिल्या चित्रावरचा कागद काढला आणि चांगल्या कपड्यांनिशी ती लाकडाच्या भुशात मटकन खालीच बसली.

"आवडलं का?" काउंटरमागच्या अनोळखी माणसाने विचारलं. त्या दोघांची ही पहिली भेट.

तिने भराभर उरलेल्या आठांवरचेही कागद ओढून काढले. नऊ मोठे फोटो, नऊ रिकाम्या खुर्च्यांचे. ज्यांची माणसं आता घरात नव्हती अशा खुर्च्या तिने दारोदार हिंडून टिपल्या होत्या. प्रत्येक घरातून त्या माणसाच्या जुन्या कपड्याचे दोरे उसवून आणले होते आणि फोटोवर शिवले होते. दोऱ्यांची टोकं चौकटीखाली वीतभर लोंबायची, तीच तिच्या कामाची ओळख होती. लग्नाचे फोटो काढणं सोडून सात वर्षं ती हेच करत होती. आई म्हणायची, "चांगले फोटो काढतेस गं, मग त्यांना भोकं कशाला पाडतेस?" आता कुठे तिचं एकटीचं पहिलं प्रदर्शन ठरलं होतं, तीन दिवसांवर. आणि नऊही चित्रांचे दोरे कुणीतरी सफाचट कापले होते.

"साफ केलं," तो अभिमानाने म्हणाला. "धागे फार निघाले होते. एकेक बघून कापला."

दुकानाचे म्हातारे काका आजारी होते आणि हा त्यांचा पुतण्या. त्याने काय करून ठेवलंय ते तिने एका दमात ऐकवलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने खण ओढला आणि नऊ पाकिटं तिच्यापुढे मांडली. प्रत्येकावर सुरेख अक्षरात आकडा, आत त्या त्या चित्राचे दोरे. गिऱ्हाइकाचं कणभरही फेकायचं नाही, हा काकांचा नियम.

ती दुसऱ्यांदा थक्क झाली. याला आणखी झापावं की याचे हात धरावेत, तिला कळेना…

दोरे पुन्हा शिवायला तोकडे होते. "चौकटीशी उरलेल्या टोकांना गाठ मारता येईल," तो म्हणाला. "पण दिसेल."

दुसरा इलाज नव्हता. तीन दिवस दुपारभर दुकान बंद ठेवून तो तिच्यासमोर बसला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तिने निदान दहादा सुनावलं. तो मान डोलवायचा, गाठ मारायचा आणि विचारायचा – या खुर्चीत कोण बसायचं? ती सांगत गेली. सहावी तिच्या बाबांची. ती समोर आल्यावर त्याने हात मागे घेतले आणि ही तुम्हीच बांधा म्हणाला. पण तिला डोळ्यांतल्या पाण्याने दोराच दिसेना.

"तुम्हीच बांधा," ती म्हणाली आणि स्वतःच चकित झाली. त्या चित्राला तिने आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता.

नववी खुर्ची तिची स्वतःची. ती रिकामी का, असं त्याने विचारलं. सदा दुसऱ्यांच्या खुर्च्या शोधत फिरते ना मी, असं म्हणून ती हसली. तो मात्र हसला नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी त्यानेच चित्रं टांगली. कलादालन चालवणाऱ्या बाई एकेक बघत गेल्या आणि गाठींपाशी थबकल्या. "हे नवीन आहे. कुणीतरी परत जोडायला आल्यासारखं वाटतं. कधी सुचलं तुला?"

मलाच सुचलं असं सांगणं सोपं होतं. पण तिने दाराशी इस्त्रीचा शर्ट घालून उभ्या असलेल्या त्याच्याकडे बोट दाखवलं. "मला नाही सुचलं. आधी यांनी सगळे दोरे कापले, मग गाठीही यांनाच सुचल्या." बाईंचा आ वासलेलाच राहिला.

मग ती नवव्या चित्रापाशी गेली आणि जागीच खिळली. तिच्या पिवळ्या दोऱ्याला एक निळा दोरा बांधलेला होता. तो तिचा नव्हता. तिने वळून पाहिलं. तो मागेच उभा होता. त्याचा शर्ट निळा, आणि उजव्या बाहीची दुमड उसवलेली…

"हा दोरा तुमचा?"

"हो."

"मला न विचारता?"

"कापतानाही विचारलं नव्हतं." त्याचे कान लाल झाले. "तेव्हा चुकलो. हे मात्र… समजून केलंय. ती खुर्ची रिकामी बघवेना मला. आवडता तुम्ही मला."

तिने पिशवीतून कात्री काढली. त्याने डोळे मिटून घेतले.

"कापा," तो पुटपुटला. "तुमचा हक्कच आहे."

कच्‌…

त्याने डोळे उघडले. निळा दोरा जिथल्या तिथे होता. त्याच्या बाहीला लोंबणारा धागा तेवढा तिच्या चिमटीत होता.

"साफ केलं," ती म्हणाली. "धागे फार निघाले होते. तो निळा राहू दे तिथेच. तुझा आहे ना."

तुझा… हे ऐकलं आणि फ्रेमवाला भर दालनात मटकन खाली बसला.